प्ले दाबलं की पुन्हा प्ले

लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या त्या मोफत सिस्टिमवर, गेम चालत नाहीत असं म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही. चालतात, आणि माझ्या जुन्या मशीनवरही झकास चालतात. पण गेम जिथून उतरवतो आणि सुरू करतो त्या लाँचरमधल्या ‘प्ले’ बटणावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. दाबलं की त्याचं ‘स्टॉप’ होतं, आपण खुर्ची पुढे ओढून बसतो, आणि पाच-सात सेकंदांत ते गुपचूप पुन्हा ‘प्ले’. ना खिडकी उघडते, ना एरर येते. सरकारी खिडकीवरचा माणूससुद्धा निदान ‘साहेब जेवायला गेलेत’ एवढं तरी सांगतो. हे लेखन मुख्यतः त्या बटणाबद्दल आहे, कारण बाकीचं सगळं इतकं सरळ झालं की त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.

तरी थोडक्यात सांगतो. माझा पीसी २०१७ सालचा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स कार्ड. विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर बसत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. धडधाकट मशीन एवढ्यासाठी भंगारात काढणं मला पटेना. म्हणून विंडोज एका कोपऱ्यात तसंच ठेवून शेजारी लिनक्स मिंट टाकलं. पेनड्राइव्ह, इन्स्टॉल, ड्रायव्हर मॅनेजरमध्ये ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलंय तो एनव्हिडियाचा ड्रायव्हर, रीस्टार्ट, आणि गेमचा लाँचर. जेवणाआधी सगळं उरकलं. एएमडीचं कार्ड असेल तर ड्रायव्हरची पायरीही बहुतेक वेळा लागत नाही, तो मुळातच सोबत येतो.

आता डिस्कचं रामायण.

पीसीत छोटी एसएसडी आहे, तिच्यावर दोन्ही सिस्टिम. आणि एक टीबीची हार्डडिस्क, तिच्यावर विंडोजच्या काळापासून उतरवलेले गेम, साडेतीनशे-चारशे जीबी. आमच्याकडच्या नेटवर एवढं परत उतरवायचं म्हणजे रात्र-रात्र पीसी चालू, वर महिन्याच्या डेटाची मर्यादा. त्यामुळे जुनी डिस्क लाँचरला दाखवायची आणि खेळायला बसायचं, हे माझं आधीच ठरलेलं. डिस्क एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली. पण लिनक्सला एनटीएफएस वाचताही येतं आणि लिहिताही येतं. मग अडणार काय?

पहिल्यांदा अडलं ते लिहिण्याचं. डिस्क उघडत होती, गेम दिसत होते, पण लाँचर म्हणाला या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. हे चटकन सापडलं. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शटडाउन केल्यावरही ते पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि डिस्क माझ्याच ताब्यात आहे अशी खूण सोडून जातं. लिनक्स ती खूण पाहून डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडतं, आणि ते योग्यच आहे. विंडोजमध्ये जाऊन पॉवर ऑप्शन्समधलं ते टिकमार्क काढलं, नीट शटडाउन केलं, काम झालं. इथे मला राग नाही. काय बिघडलंय ते समोर लिहून आलं होतं.

त्यानंतर त्या बटणाने छळलं.

आधी युरो ट्रक सिम्युलेटर २ लावला. त्याची खास लिनक्सची आवृत्ती आहे. थोडंफार डाउनलोड झालं आणि ट्रक रस्त्याला लागला. म्हटलं, डिस्क ठीक, ड्रायव्हर ठीक, कार्ड ठीक. मग एज ऑफ एम्पायर्स २ ची डेफिनिटिव्ह एडिशन, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. हॉस्टेलच्या दिवसांत लॅन केबली या खोलीतून त्या खोलीत ओढून आम्ही हा गेम खेळायचो. प्ले. स्टॉप. प्ले. दुसरा गेम लावला. प्ले, स्टॉप, प्ले. विंडोजसाठी लिहिलेला एकही गेम उठेना आणि लिनक्सचा मात्र त्याच डिस्कवरून धावतोय. त्यामुळे डिस्कवर संशय जाणं शक्यच नव्हतं.

विंडोजचे गेम लिनक्सवर चालवतं ते प्रोटॉन, आणि त्याच्या अनुभवांची साइट म्हणजे प्रोटॉनडीबी. तिच्यावर पाहिलं. तिथे लोक आपापला अनुभव नोंदवतात आणि गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे दर्जे मिळतात. अजिबात न चालणाऱ्याला ‘बोर्क्ड’. माझे गेम चांगल्या दर्जाचे. खाली एकामागून एक लोक लिहितायत, काहीही न करता चालला. चांगलंय, म्हटलं, तुमचं अभिनंदन. त्या दर्जात गेम आणि कार्ड यांचा हिशेब असतो, तुमच्या डिस्कचा नसतो, हे मला तिथे कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग नेहमीचे सल्ले. प्रोटॉनची दुसरी आवृत्ती लावा. लावली. एक्स्पेरिमेंटल लावा. लावली. जीई-प्रोटॉन, म्हणजे बाहेरच्यांनी सुधारलेलं प्रोटॉन, उतरवून लावा. तेही केलं. फाइली व्हेरिफाय करा, आणि चारशे जीबीच्या गेमवर ते करणं म्हणजे काय असतं ते केल्याशिवाय कळत नाही. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. टाकला. दर वेळी शेवटी तेच बटण, तेच सहा सेकंद. भाचा फोनवर म्हणाला, “मामा, विंडोज टाक ना परत.” त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुटलं ते लाँचर टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, सुरू केल्यावर. हा सल्ला सगळ्यांत आधी यायला हवा होता, म्हणून ठळक सांगतो: गेम मुकाट्याने बंद पडत असेल तर बाकी काही करण्याआधी लाँचर बंद करा, टर्मिनल उघडा, तिथून लाँचर सुरू करा आणि मग प्ले दाबा. जे बोलणं बटण गिळून टाकतं ते सगळं तिथे ओळीने छापून येतं. माझ्याकडे पन्नासेक ओळी सरसर गेल्या. बहुतेक निरर्थक, पण शेवटच्या दोन-तीन ओळींत पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची एरर होती: ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’, आणि पुढे अवतरणचिन्हांत एकच अक्षर, सी, आणि त्याला चिकटून कोलन. सी ड्राइव्हचा सी!

इथे प्रोटॉन करतं काय ते सांगायला हवं. विंडोजच्या गेमला आपण विंडोजवरच आहोत असं वाटावं अशी व्यवस्था ते लावून देतं. पाया वाइन या प्रोग्रामचा, ज्याचं काम १९९३ पासून चालू आहे. डायरेक्टएक्स ही विंडोजच्या गेमची ग्राफिक्सची भाषा. तिच्यातल्या सूचना लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कन या भाषेत फिरवून कार्डाला देण्याचं काम डीएक्सव्हीके करतं. डायरेक्टएक्स १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन. व्हॉल्व्ह कंपनीने कोडवीव्हर्स या कंपनीच्या मदतीने हे सगळं एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्ये आणलं, आणि २०२२ मध्ये त्यांचं हातात धरून खेळायचं यंत्र, स्टीम डेक, आल्यावर त्याला खरा वेग आला, कारण त्या यंत्रात मुळात लिनक्सच आहे. तर प्रत्येक गेमसाठी एक प्रीफिक्स तयार होतं. म्हणजे एक फोल्डर, ज्यात खोटं विंडोज मांडलेलं असतं: प्रोग्राम फाइल्स, रजिस्ट्री, वापरकर्त्याचं फोल्डर. आणि त्यातच ड्राइव्ह दाखवणाऱ्या दोन लिंक, नावं ‘सी कोलन’ आणि ‘झेड कोलन’.

आता गंमत बघा. विंडोजच्या नियमांत फाइलच्या नावात कोलन चालत नाही. मिंटच्या फाइल मॅनेजरमधून माझी एनटीएफएस डिस्क जोडली जात होती ती ‘विंडोजला न चालणारी नावं घेऊ नये’ हा पर्याय लावून. पर्याय चांगल्या हेतूचाच आहे. पण माझ्या लाँचरची पद्धत अशी की गेम ज्या डिस्कवर, प्रीफिक्सही त्याच डिस्कवर. म्हणजे खोटं विंडोज उभं करायला ‘सी कोलन’ नावाची लिंक हवी, आणि ती विंडोजला चालत नाही म्हणून डिस्क घेत नाही. तिथेच सगळं आडवं. ट्रकवाल्या गेमला प्रीफिक्स लागतच नाही, म्हणून तो सुखाने धावत होता.

एवढी साधी गोष्ट. ‘या डिस्कवर प्रीफिक्स बनवता येत नाही’ असं एक वाक्य दाखवायला कुणाचं काय जात होतं? फोल्डरमध्ये लिहिता येत नाही हे सांगायला येतं, मग हेही येतंच की.

तात्पुरता उपाय पाच मिनिटांचा. प्रीफिक्सचं फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर बनवायचं, एनटीएफएसवरचं रिकामं फोल्डर काढायचं आणि त्या जागी नव्याकडे नेणारी लिंक ठेवायची. गेम तिथे, प्रीफिक्स इथे. लगेच चालला. वाळवंटातला नकाशा आला, तीन गावकरी उभे, आणि मी ‘झालं बुवा’ एवढ्या जोराने म्हणालो की बायको स्वयंपाकघरातून बघायला आली. डिस्क जोडताना तो पर्याय काढून टाका असाही सल्ला तुम्हाला मिळेल. तसंही चालतं, पण मग विंडोजची डिस्क-तपासणी कधीतरी त्या नावांना चूक समजून ‘दुरुस्त’ करायला जाते. दोन्ही सिस्टिम वापरणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

कायमचा उपाय म्हणजे डिस्कच लिनक्सच्या पद्धतीची, ईएक्सटी४ करणं. डेटा दुसरीकडे ठेवायला जागा नसेल तरी जमतं. जीपार्टेड या डिस्कचे भाग पाडणाऱ्या प्रोग्राममध्ये एनटीएफएसचा भाग डावीकडे ओढून आक्रसायचा, उजवीकडे मोकळ्या झालेल्या जागेत ईएक्सटी४ भाग बनवायचा, लाँचरला तिथे नवी लायब्ररी दाखवायची आणि लाँचरच्याच ‘मूव्ह’ने गेम एकेक करून तिकडे हलवायचे. काहीही पुन्हा उतरवावं लागत नाही. पण हे गुरुवारी करू नका, किंवा तुमच्याकडे दुरुस्तीसाठी ज्या वारी वीज जाते त्या दिवशी. पार्टिशन आक्रसताना वीज गेली तर गेम गेलेच, सोबत लग्नाचे फोटोही. मी यूपीएस असूनही रविवारी सकाळचा मुहूर्त धरला, आणि फोटो आधी पोर्टेबल डिस्कवर घेतले.

सेव्ह फाइलींचं राहिलंच. ज्या गेमना क्लाउड सेव्ह आहे त्यांची काळजी नाही. बाकीच्यांच्या सेव्ह विंडोजमधल्या ‘डॉक्युमेंट्स’ किंवा ‘ॲपडेटा’त पडलेल्या असतात. त्या उचलून प्रीफिक्समधल्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये त्याच नावाच्या जागी टाकायच्या. त्याआधी गेम एकदा सुरू करून बंद करा, म्हणजे फोल्डर तयार झालेली असतील. आणि वैतागून प्रीफिक्स उडवायची हौस आली तर आधी सेव्ह बाहेर काढा, कारण त्या आतच असतात.

ज्यांच्याकडे जीटी ७१० सारखं एनव्हिडियाचं जुनं, केप्लर पिढीचं कार्ड आहे (आपल्याकडे अशी ढिगाने विकली गेली), त्यांनी आधीच धरून चालावं की नवं प्रोटॉन त्यांना पावणार नाही. डीएक्सव्हीकेच्या दुसऱ्या पिढीला व्हल्कन १.३ लागतं आणि त्या कार्डांचा शेवटचा ड्रायव्हर, ४७० मालिकेचा, १.२ वरच थांबलाय. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन प्रोटॉनची जुनी आवृत्ती सक्तीने लावून बघावी.

पहिल्यांदा गेम सुरू करताना ‘व्हल्कन शेडर’ तयार करतोय असं सांगत टक्केवारी रांगत राहते. ती प्रोसेसरप्रमाणे वेळ घेते. ‘स्किप’ दाबलं तरी गेम चालतो, फक्त सुरुवातीला मधूनच अडखळतो. मी दाबतो. वाट पाहण्याचा माझा कोटा संपलाय.

भाच्याचा प्रश्न वेगळा होता: व्हॅलोरंट चालेल का? नाही. त्याचं व्हॅनगार्ड हे अँटी-चीट, म्हणजे खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात बसतं, लिनक्ससाठी ते नाहीच. इथे प्रीफिक्स, डिस्क, ड्रायव्हर कशाचाच संबंध नाही, त्यामुळे खटपटही करू नये. एपेक्स लेजेंड्स आधी चालायचा, ऑक्टोबर २०२४ अखेर तोही लिनक्ससाठी बंद झाला. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दुसऱ्या अँटी-चीटना लिनक्सवर चालण्याची सोय २०२१ पासून आहे, पण ती चालू करायची की नाही हे गेम बनवणारे ठरवतात. म्हणून ऑनलाइन स्पर्धेचे गेम खेळणाऱ्याने सिस्टिम बदलण्याआधी आपल्या गेमचं नाव शोधून घ्यावं, नंतर नाही. भाचा विंडोजवरच आहे आणि मी त्याला हलवायचा प्रयत्नही करत नाही.

कंट्रोलर वायरने जोडला, चालला. त्यावर यापेक्षा जास्त लिहिता येत नाही.