ग्रेड तोच, कडकपणा तोच, मग गंज एकाच डब्याला का?

धातुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत माझ्याकडे येतात ते बहुतेक मोडलेले बोल्ट आणि तडे गेलेले शाफ्ट. त्यामुळे घडीचे चाकू बनवणारे एक कारागीर दोन डबे घेऊन आले, तेव्हा मी हातातलं काम बाजूला ठेवलं. दोन्ही डब्यांत एकाच नमुन्याची पाती होती आणि सगळ्यांवर १५४सीएम असा शिक्का, म्हणजे चाकूंच्या एका स्टेनलेस पोलादाचं नाव. पहिल्या लॉटबद्दल कधी ब्र नाही. दुसऱ्या लॉटमधले चाकू मात्र गिऱ्हाइकांकडून परत येत होते. धारेलगत तांबूस ठिपके आणि पिनेच्या भोकाभोवती गंजाचं कडं.

"मॅडम, मला १५४सीएमच्या नावाखाली डी२ हे लवकर गंजणारं पोलाद गळ्यात मारलंय," ते म्हणाले. आवाजात राग कमी आणि काळजीच जास्त होती. पात्यावर त्यांचं नाव कोरलेलं असतं.

शंका रास्त होती. पॉलिश केल्यावर ही दोन पोलादं नुसत्या नजरेला वेगळी ओळखू येत नाहीत. डी२मध्ये क्रोमियम सुमारे १२ टक्के असतं, म्हणजे आकड्यापुरतं स्टेनलेसच्या उंबरठ्यावर. पण कार्बन दीड टक्का. हा कार्बन क्रोमियमला धरून त्याचे कार्बाइडचे कण बनवतो. धार टिकायला ते कण चांगले, पण त्यांच्यात अडकलेलं क्रोमियम गंज थोपवायला येत नाही. पृष्ठभागावर ऑक्साइडचा जो अदृश्य पापुद्रा पोलादाला वाचवतो, तो धरतो फक्त पोलादात विरघळलेल्या क्रोमियममुळे. कागदावरचा पगार आणि हातात पडणारा पगार यांत असतो तसाच हा फरक.

धातूत काय काय किती आहे ते सांगणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरवर दोन्ही लॉट तपासले. कार्बन १ टक्क्याच्या किंचित वर, क्रोमियम १४, मॉलिब्डेनम ४. दोन्ही अस्सल १५४सीएम. कडकपणा पाहिला, तर दोन्हीकडे रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर (एचआरसी) ६०च्या आसपास. पोलाद पुरवणारा निर्दोष सुटला आणि कोडं आणखी घट्ट झालं.

मग पाती सॉल्ट स्प्रेच्या पेटीत लावली. ५ टक्के मिठाचं पाणी, ३५ अंश सेल्सिअस, धुक्यासारखा अखंड फवारा. तुलनेला १०९५, डी२, १४सी२८एन आणि एलसी२००एन या पोलादांचे तुकडे ठेवले. सगळे एकाच ग्रिटच्या (खरबरीतपणाच्या) पट्ट्यावर घासून घेतले. याबाबत मी हट्टी आहे. आरशासारखं पॉलिश केलेलं एक पातं आणि ब्लास्टिंग करून खरबरीत केलेलं दुसरं अशी तुलना करून लोक पोलादाला नावं ठेवतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. खरबरीत पृष्ठभागाच्या बारीक खाचांत खारं पाणी साचून राहतं आणि चांगलं स्टेनलेससुद्धा तिथे हार मानतं.

१०९५मध्ये क्रोमियम जवळजवळ नाहीच. त्याने संध्याकाळच्या आत रंग दाखवला, आणि सकाळी पेटी उघडली तेव्हा तो तुकडा नखशिखांत लाल होता. डी२वर ठिपक्यांच्या रांगा होत्या. कापसाने पुसल्यावर ठिपक्याचा रंग गेला, पण खाली टाचणीच्या टोकाएवढा खड्डा राहिला. क्लोराइड तो पापुद्रा असा एकेका जागी फोडतो आणि मग आत कुरतडत जातो. १४सी२८एनवर धारेपाशी एखादीच फिकट रेघ होती. त्यात क्रोमियम १४ टक्के, कार्बन जेमतेम ०.६ आणि जोडीला थोडा नायट्रोजन. एलसी२००एन ठेवलं होतं तसंच चकचकीत. त्यात बराचसा कार्बन काढून त्या जागी ०.४ टक्के नायट्रोजन घातलेला असतो. कडकपणा मिळतो आणि क्रोमियमही मोकळं राहतं.

आता दोन डबे. पहिल्या लॉटच्या पात्यावर शोधून सापडतील असे दोन-तीन बिंदू. दुसऱ्या लॉटचं पातं डी२च्या शेजारी ठेवलं, तर कोणतं कोणतं हे मला शिक्का वाचून ठरवावं लागलं. १४ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के मॉलिब्डेनम असलेलं पोलाद इतकं खाल्लं गेलेलं पाहून मी थक्क झाले.

दोन्हींचे काप घेऊन पॉलिश केले आणि एकाच द्रावणाने एचिंग केलं, म्हणजे रसायनाला पृष्ठभाग हलकासा खाऊ दिला. दुसऱ्या लॉटचा तुकडा पाहता पाहता काळवंडला. पहिला अजून उजळच होता. तिथेच मला हीट ट्रीटमेंटचा संशय आला, आणि मी भट्टीचे चार्ट मागवले. पहिला लॉट २०० अंशांच्या आसपास टेम्पर केलेला, म्हणजे कडक केल्यावर ठिसूळपणा कमी करायला पुन्हा तापवलेला. दुसरा ५२०च्या पुढे. हीट ट्रीटमेंटवाल्याने ही पाती साच्यांच्या पोलादाच्या (डाय स्टीलच्या) कामाबरोबर एकाच फेरीत भट्टीत घातली होती.

या पोलादाची गंमत अशी की ५०० अंशांच्या वर त्याचा कडकपणा पुन्हा चढतो. म्हणून रॉकवेलचा आकडा दोन्हीकडे जुळला आणि कुणाला संशय आला नाही. पण त्याच तापमानाला क्रोमियमचे अतिसूक्ष्म कार्बाइड नव्याने बाहेर पडतात आणि आजूबाजूचं विरघळलेलं क्रोमियम शोषून घेतात. मिश्रण तेच, पण गंज रोखणारा वाटा घटलेला. उलट उदाहरण मॅग्नाकटचं. २०२१ साली आलेल्या या पोलादात क्रोमियम अवघं १०.७ टक्के, डी२पेक्षाही कमी. पण नीट हीट ट्रीटमेंट झाली तर त्यात क्रोमियमचे कार्बाइड उरत नाहीत, म्हणून गंजाच्या बाबतीत ते डी२ला कुठल्या कुठे मागे टाकतं. पोलादांच्या टक्केवारीचे तक्ते पाहून चाकू घेणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

कारागिरांना चार्ट दाखवला. ते बराच वेळ त्या रेषेकडे बघत राहिले. "मी ऑर्डरवर फक्त ६० एचआरसी लिहितो," ते म्हणाले. "सगळेच तसं लिहितात," मी म्हटलं, आणि ते खरंच आहे. तापमान ठरवणं भट्टीवाल्यावर सोडलेलं असतं.

धार न काढलेली जाड पाती वाचवता येण्यासारखी होती. ॲनीलिंग करून मऊ करायचं, पुन्हा हार्डनिंग करून कडक करायचं, मग कमी तापमानाला टेम्परिंग. तयार चाकूंच्या पातळ धारा मात्र या फेऱ्यात वाकल्या असत्या, शिवाय कडेचा कार्बन जळाला असता. ती पाती त्यांनी मोडीत काढली. एकही सवलतीत विकलं नाही, याचा मला मनापासून आदर वाटला.

पुन्हा पाणी दिलेलं एक पातं त्यांनी तपासायला पाठवलं. पेटीतून ते स्वच्छ निघालं, फक्त पिनेच्या भोकात आतल्या बाजूला एक तांबूस कड होती. हा दोष टेम्परिंगचा नव्हता. ड्रिलने पाडलेलं भोक आतून खडबडीत राहतं, आणि पीन बसल्यावर त्या फटीत घाम किंवा पाणी शिरलं की प्राणवायू पुरेसा पोचत नाही, मग फाटलेला पापुद्रा सांधला जात नाही. घडीच्या चाकूचं हे जुनं दुखणं आहे. मी त्यांना फोटो पाठवला आणि भोक रीमरने (आतून गुळगुळीत करणाऱ्या हत्याराने) फिनिश करून, जोडणीच्या वेळी पिनेला ग्रीस लावायला सुचवलं. पुढच्या लॉटच्या ऑर्डरवर त्यांनी कडकपणाच्या खाली टेम्परिंगचं तापमानही लिहिलं आणि भट्टीचा चार्ट सोबत मागितला.