जेकब लॉरेन्सच्या चित्रांपुढे आमची मुलं

आज मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जेकब लॉरेन्सची चित्रं दाखवायला नेलं. हा चित्रकार जन्मला आपल्याच न्यू जर्सीत, १९१७ साली, आणि वाढला न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत. अमेरिकेच्या दक्षिणेतला जाच आणि दारिद्र्य मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय माणसं उत्तरेकडे आली, ती कहाणी त्याने ६० चित्रांत मांडली. तेव्हा वय अवघं २३! रंगांचा मेळ राहावा म्हणून एकेक रंग घेऊन तो सगळ्या चित्रांवर लावत जायचा. हे ऐकल्यावर मुलं मागे फिरून पहिल्यापासून बघायला लागली. फळ्यावर आकडे लिहिणाऱ्या तीन मुलींच्या चित्रापुढून तर हलेनातच. इथे सम क्रमांकाची चित्रं आहेत, विषम क्रमांकाची वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शन या संग्रहालयात. तिकडे कधी जायचं, हे मुलांनीच विचारलं. सुट्टीत नेणार आहे. कोणाची मुलं येणार असतील तर कळवा.