रिटायरमेंट व्हिसा, ८ लाख बाथ आणि आमचे हे

थायलंडमधल्या चियांग माईला राहायला आल्यापासून डोंबिवली-पुण्याहून सगळ्यांचे फोन येतात ते एकाच गोष्टीसाठी, काकू तिकडे महिन्याचा खर्च किती? भाडं किती, भाजी किती, कामाला बाई मिळते का वगैरे. आमचं इथलं राहणं ज्यावर टिकून आहे ते दरवर्षीचं एक्स्टेन्शन, म्हणजे राहायच्या परवानगीची मुदतवाढ, मात्र कोणी विचारत नाही. या महिन्यात दोघांचं परत झालं, डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकते.

आधी हे लक्षात घ्या की हे कायमचं प्रकरण नाही. पन्नाशी पूर्ण झाली असेल तर रिटायर्ड म्हणून एक वर्ष राहायची परवानगी मिळते, वर्ष संपायच्या आत परत अर्ज. तुम्ही इथे वीस वर्षं काढा, पंच्याऐंशीचे व्हा, काठी टेकत का होईना दरवर्षी इमिग्रेशनला जायचंच, कारण इथल्या पीआरमध्ये, म्हणजे कायम राहायच्या परवानगीत, रिटायर होऊन आलेल्यांसाठी कॅटेगरीच नाही. आणि काम करायचं नाही, कुठलंही.

बाकी ऑफिसातलं काम म्हणाल तर आपल्याकडच्या सरकारी ऑफिसांपेक्षा बरंच सुखाचं. टोकन घ्यायचं, मुदतवाढीचा टीएम ७ फॉर्म, ४ बाय ६ सेंटिमीटरचा फोटो, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स आणि प्रत्येक झेरॉक्सवर सही (ह्यांनी घरीच सगळ्या करून ठेवल्या होत्या, सहीचा कंटाळा येतो म्हणून), घरमालकाने आपली नोंद केल्याची टीएम ३० ची पावती, १,९०० बाथ (इथलं चलन) फी. कागद बरोबर असतील तर बहुतेक वेळा त्याच दिवशी शिक्का. अर्धी बाही-अर्धी चड्डी घालून येणारे गोरे काका बघून ह्यांना फार राग येतो, पण ते वेगळं.

खरी गोम आहे ती पैशात. थायलंडच्या बँकेत, एकट्याच्या नावावर, ८ लाख बाथ पाहिजेत. आपल्या पैशात वीस लाखांच्या वरच जातात. किंवा महिन्याला ६५ हजार बाथ इन्कम दाखवायचं, पण तेवढी पेन्शन आपल्याकडे किती जणांना असते, त्यामुळे आपले बहुतेक लोक ठेवीचा रस्ता धरतात. आता हे ८ लाख नुसते अर्जाच्या दिवशी असून भागत नाही. अर्जाच्या आधी दोन महिने पूर्ण रक्कम पडून पाहिजे, शिक्का मिळाल्यावर पुढचे तीन महिने हात लावायचा नाही, आणि त्यानंतर उरलेलं वर्षभर ४ लाखांच्या खाली जायचं नाही. म्हणजे हिशोब करा, निम्मे पैसे तर कधीच आपले नाहीत, आणि उरलेले निम्मे वर्षातले सातेक महिने वापरता येतात पण वेळेवर परत भरायचे. व्याज नावापुरतं. त्यात भारतातल्या एनआरओ खात्यातून (परदेशात राहणाऱ्यांचं तिकडचं रुपयांचं खातं) पैसे इकडे आणायचे म्हणजे इन्कम टॅक्सचे फॉर्म, सीएचं सर्टिफिकेट, सीएची फी, ते झेंगट वेगळंच, म्हणून अर्जाच्या तोंडावर पैसे मागवू असं मनात आणू नका, दोन महिन्यांचं घड्याळ पैसे खात्यात आल्यावर सुरू होतं. अर्जासोबत बँकेचं पत्र आणि ताजी एंट्री मारलेलं पासबुक लागतं, एंट्री शक्यतो त्याच दिवशीची.

आता आमच्या घरातलं भांडण. नियम असा आहे की नवऱ्याच्या ८ लाखांवर बायको डिपेंडंट म्हणून राहू शकते, तिला वेगळे पैसे दाखवावे लागत नाहीत, मॅरेज सर्टिफिकेट अटेस्ट करून थाई भाषांतरासकट दिलं की झालं. हे म्हणाले, "अगं मग चाळीस-बेचाळीस लाख कशाला अडकवायचे, वीसातच भागतंय की." मी बँकेत नोकरी केलेली बाई, डेथ क्लेमच्या काउंटरला बसलेली. मी म्हटलं, अहो, तुम्ही गेलात तर? दोन मिनिटं हे बोललेच नाहीत, मग म्हणाले "सकाळी सकाळी काय हे". पण विचारायलाच पाहिजे ना! डिपेंडंटची परवानगी मुख्य माणसाच्या परवानगीला बांधलेली असते. तो गेला की तिचा आधारच संपला, दुःख करत बसायच्या आत तिने नवीन कारणावर अर्ज करायचा, आणि त्यासाठी लागणारे ८ लाख असतात त्याच्याच खात्यात. आपल्यासारखं नॉमिनी टाकलं आणि दाखला दाखवून पैसे काढले असं इथे होत नाही, कोर्टाकडून वारशाची व्यवस्था बघणारा माणूस नेमून आणावा लागतो, मग बँक पैसे सोडते. तोपर्यंत बाई परदेशात, हातात पैसे नाहीत आणि शिक्क्याची तारीख जवळ येतेय.

म्हणून माझे ८ लाख वेगळे, माझं खातं वेगळं, माझा अर्ज वेगळा. माझ्या पीएफमधून आणलेत, कोणाच्या नाही. इथल्या ओळखीच्या जोडप्यांमध्ये बऱ्याच जणांनी डिपेंडंटचाच रस्ता धरलाय, पैसे वाचतात हे खरं आहे, पण मला विचाराल तर साठीच्या पुढच्या जोडप्याने हे करूच नये. झेपत नसेल तर निदान तिच्या नावावर भारतात तेवढी रक्कम चटकन मोडता येईल अशी ठेवा.

बाकी फुटकळ गोष्टी. पासपोर्ट संपत आला असेल तर आधी तो रिन्यू करा, कारण एक्स्टेन्शन पासपोर्टच्या तारखेपलीकडे देत नाहीत, आठ महिने उरले असतील तर आठच महिने मिळतात आणि फी तेवढीच. गणपतीला घरी यायचं असेल तर निघायच्या आधी री-एन्ट्री परमिट, एकदाचं १,००० बाथ, कितीही वेळा जा-ये करायचं ३,८००. ते न घेता विमानात बसलात तर वर्षाची परवानगी तिथेच रद्द, बाहेर पडताना कोणी आठवण करत नाही. आणि सलग राहत असाल तर दर ९० दिवसांनी पत्त्याचा रिपोर्ट, टीएम ४७, पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत चालतो, त्यानंतर २,००० बाथ दंड. हा रिपोर्ट म्हणजे मुदतवाढ नव्हे, दोन्हीची गल्लत करू नका. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला ५०० बाथ, आणि वर कटकट.

पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला असतोच, तो आता जीवन प्रमाणच्या ॲपवर चेहरा दाखवून होतो, त्यासाठी मुंबईला यायची गरज नाही.

थाई विल करायचं काम मात्र अजून बाकी आहे. इथल्या मालमत्तेपुरतं वेगळं विल असलेलं बरं असं वकीलबाईंचं म्हणणं, थाई आणि इंग्लिश दोन्हीत करून देणार आहेत. ह्यांनी त्या दिवशी सकाळी सकाळी हा विषय नको असं सांगितलंय, म्हणून अपॉइंटमेंट दुपारची घेतलीय.