तुम्ही विचारलंत म्हणून : अजून गेलो का नाही

"काय ओ, अजून इथंच? म्हणजे यंदाची गड्ड्याची जत्रा बघूनच जाणार म्हणा की!"

सोलापुरात नवी पेठेत, सात रस्त्याला, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हाच प्रश्न येतो : ऑस्ट्रेलियाला कधी जाणार? वर्षभर माझं उत्तर एकच होतं : "फाइल अडकलीय." ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. आज पूर्ण सांगते.

आधी तारखेचं. व्हिसाला तारीख नसते. ऑस्ट्रेलियाच्या १९० व्हिसाचा, म्हणजे तिथल्या एखाद्या राज्याच्या नामांकनावर कायम राहायला मिळणाऱ्या व्हिसाचा, अर्ज भरला की ऑनलाइन खात्यात तो पोचल्याचं दिसतं, मग कधीतरी तपासणी चालू असल्याचं दिसतं. रांगेत आपला नंबर कितवा, पुढे किती लोक, काहीही कळत नाही. अधिकाऱ्याला काही हवं असेल तर पत्र येतं आणि उत्तराला बहुधा २८ दिवस मिळतात. तेवढंच. त्यामुळे "साधारण कधी?" असं विचारलंत की माझ्याकडे सांगण्यासारखं खरंच काही नसतं.

आणि वाट बघणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. प्रत्येक कागदाला त्याची स्वतःची मुदत आहे आणि त्या मुदती एकमेकींशी जुळत नाहीत. या व्हिसाला गुण मोजतात आणि त्यांवरून अर्ज करायचं निमंत्रण येतं. त्यातले वयाचे गुण घ्या. ३३ ते ३९ वयाला २५, चाळिशी ओलांडली की १५. वय मोजतात ते निमंत्रण येतं त्या दिवशी. माझा चाळिसावा वाढदिवस निमंत्रणानंतर अकरा दिवसांनी होता. तो आधी आला असता तर दहा गुण गेले असते, आणि राज्याने नामांकन दिलं तर मिळतात पाच. माझ्यासारख्या अभियंत्यांचं आणखी एक : अभियांत्रिकीच्या पदव्या एकमेकांच्या देशांत मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन करारात भारत २०१४ साली आला. त्याआधीच्या पदवीला तो रस्ता नाही, म्हणून तीन अनुभवलेख लिहावे लागले, प्रत्येकी १,००० ते २,५०० शब्दांचे. त्यात 'आम्ही' चालत नाही, प्रत्येक वाक्यात 'मी काय केलं' हवं. चिंचोळी एमआयडीसीत पंधरा वर्षं 'आपण करू', 'आम्ही केलं' असंच बोलत आल्यावर ते लिहिणं सोपं नव्हतं. पण तो भाग पार पडला. अडकलं ते पुढे.

निमंत्रणानंतर अर्ज भरायला ६० दिवस असतात. ते झालं आणि मेडिकल आलं. सोलापुरातल्या डॉक्टरांचा अहवाल चालत नाही, नेमून दिलेल्या केंद्रातच जावं लागतं. आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेलो. अकरा वर्षांपुढच्या प्रत्येकाचा छातीचा एक्स-रे. लेक सात वर्षांची, म्हणून तिची रक्तातून टीबीची तपासणी. तिचं नीट निघालं, यांचंही. माझ्या उजव्या फुप्फुसावर वरच्या बाजूला डाग दिसला.

मला २०११ मध्ये न्यूमोनिया झाला होता. डाग तेव्हाचाच असणार, असं मी तिथल्या डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हाची फिल्म दाखवा. डाग इतक्या वर्षांत बदलला नसेल तर बोलणं सोपं होतं." फिल्म नव्हती. घर बदलताना मीच ती रद्दीत टाकली होती. म्हणून तुमच्याही घरात सांगते : छातीची जुनी फिल्म आणि तिचा अहवाल कितीही जुना असला तरी टाकू नका.

फिल्म नाही म्हटल्यावर थुंकीची तपासणी. सलग तीन सकाळी, तीन नमुने, केंद्रातच, त्यांच्या देखरेखीखाली. काही न खाता, खोल खोकून छातीतून काढलेली थुंकी लागते. तोंडातली लाळ दिली तर नमुना वाया जातो. काचपट्टीवरचा निकाल लवकर कळतो, पण त्यावर भागत नाही. नमुना कल्चरला लावतात, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघतात, आणि त्याला सहा ते आठ आठवडे लागतात. साधे जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, टीबीच्या जंतूला पंधरा ते वीस तास लागतात. म्हणून ही मुदत पैसे भरून कमी होत नाही. त्या आधी सर्दी-खोकल्यासाठी औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिकही घेऊ नये, कारण काही औषधांनी हे जंतूसुद्धा दबतात आणि निकालावर भरवसा राहत नाही.

दादरला नणंदेचं घर आहे. तरी आम्ही लॉजवर राहिलो. रोज सकाळी सहाला उपाशीपोटी कुठं निघालात, याचं उत्तर मला द्यायचं नव्हतं.

आमचं व्हिसाचं काम बघणाऱ्या एजंटने फोनवर सांगितलं, "मॅडम, न्यूमोनियाचं बोलायलाच नको होतं." त्याचं ऐकलं नाही, याचं मला आजही वाईट वाटत नाही. खोटी माहिती सापडली तर अर्ज तर जातोच, वर तीन वर्षं बंदी येऊ शकते. शिवाय हा डाग लपवण्यासारखा नव्हताच, फिल्मवर स्वच्छ दिसत होता. टीबी निघाला असता तरी दार कायमचं बंद होत नाही. उपचार पूर्ण करायचे, मग पुन्हा तपासणी. फक्त तोपर्यंत कुणालाच व्हिसा नाही. या व्हिसात घरातल्या एकाची आरोग्य तपासणी अडली की सगळ्यांची फाइल थांबते.

हे सगळं मला माहीत होतं. तरी ते आठ आठवडे मी माझा पेला वेगळा ठेवला, लेकीला जवळ घेऊन झोपले नाही. टीबी भांड्यांतून पसरत नाही, हवेतून पसरतो, हेही वाचलं होतं. मी आजारी नव्हते, असं आज ठामपणे म्हणते. तेव्हा तसं म्हणता येत नव्हतं. लेक विचारायची, "आई, तू तिकडं का झोपतेस?" मी म्हणायचे, "पाठ दुखतेय गं." तुम्ही विचारायचात, "व्हिसा कधी?" मी म्हणायचे, "फाइल अडकलीय."

कल्चर निगेटिव्ह आलं. मला वाटलं, संपलं. मग तीन महिन्यांनी पुन्हा एक्स-रे मागितला, डाग वाढत नाही ना हे बघायला. पुन्हा मुंबई. डाग होता तेवढाच आहे. हे अहवाल आपल्या हातात देत नाहीत, थेट तिकडे जातात. आता खात्यात आरोग्याच्या रकान्यात काही करायचं बाकी नाही, असं दिसतं. बाकी सगळं जसंच्या तसं.

गेल्या दिवाळीत मीच सगळ्यांना सांगितलं होतं, "मार्चपर्यंत जाऊ." तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, कशाच्या जोरावर सांगितलंस? पण तीही अगदी चुकीची नव्हती. काहीतरी सांगितल्याशिवाय घरमालकाशी बोलता येत नाही, नोकरीत नवीन काम घ्यायचं की नाही ते ठरत नाही. शाळेचंच बघा. आपलं वर्ष जूनला सुरू होतं, तिकडचं जानेवारीच्या अखेरीस. जूनमध्ये वर्षाची पूर्ण फी भरायची, की भरायची नाही आणि जागा घालवायची? आम्ही भरली. बरोबर केलं का, माहीत नाही.

सासूबाईंना डागाचं मी कल्चर आल्यावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर मी कुणाला सांगायला गेले असते का?" याला माझ्याकडे उत्तर नाही. गल्लीत टीबी हा शब्द काय करतो ते मी पाहिलंय, म्हणून गप्प बसले. पण त्या गल्ली नव्हत्या. त्यांचं नाव आमच्या अर्जात नाही. जोडीदार आणि मुलं चालतात, आई-वडील २०१६ च्या नोव्हेंबरपासून घालता येत नाहीत. तुम्ही "आजींना पण नेणार ना?" असं त्यांच्यासमोर विचारता, तेवढं कृपा करून विचारू नका.

आणि आता पोलिसांचा दाखला. तो साधारण बारा महिने धरतात, आणि व्हिसा मिळाला तर तिथं पहिलं पाऊल कधीपर्यंत टाकायचं ही तारीखही दाखला आणि मेडिकल यांत जे जुनं त्यावरून ठरते. आमचा दाखला पुढच्या महिन्यात वर्षाचा होईल. मेडिकलही त्याच्या मागोमाग. नवा दाखला मागवतील की आहे तोच धरतील, कळायला मार्ग नाही. म्हणून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्राची वेळ घेऊन ठेवलीय. दोघांचे मिळून हजार रुपये, पुन्हा पोलीस ठाण्याचा फोन, पुन्हा शेजाऱ्यांच्या सह्या.

सही मागायला मी तुमच्याकडेच येणार आहे. तेव्हा विचाराल, म्हणून आधीच सांगितलं.