मायची शारजावारी : हिंगणघाट ते सोनेगाव

बहिणीचं बाळंतपण शारजात, म्हणून माय पहिल्यांदा विमानात बसणार होती. विमान पहाटेचं. पऱ्हाटीची शेवटची वेचणी आटोपून रात्री नऊला हिंगणघाटहून नागपूरच्या सोनेगाव विमानतळाकडं निघालो. जाम, बुटीबोरी, खापरी असा वर्धा रोडचा सरळ रस्ता, जेमतेम ऐंशी किलोमीटर. दीड तास धरा, पण रात्री ट्रक फार असतात, म्हणून अर्धा तास वाढवून निघा. दिवसाचं विमान असेल तर खापरीला उतरून मेट्रोनं एअरपोर्ट स्टेशन गाठता येतं. स्टेशन वर्धा रोडवर आहे आणि टर्मिनल आत, तेव्हा सामान असलं तर रिक्षा कराच. पहाटेच्या विमानाला मात्र मेट्रो कामाची नाही, ती रात्रीच बंद होते.

आजची टर्मिनलची इमारत 14 एप्रिल 2008 ला सुरू झाली. पण मध्यरात्री जागं राहणं सोनेगावला जुनंच. 1949 च्या जानेवारीत इथून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, चारही दिशांनी विमानं रात्री निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या आपसांत बदलायची आणि पहाटेच्या आत आपापल्या शहरी परतायची. नागपूर देशाच्या मधोमध, म्हणून हे जमलं. 1973 पर्यंत देशाची कितीतरी पत्रं अशी आपल्या सोनेगावात एका विमानातून दुसऱ्यात गेली. गाडीत मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे तुह्या मामाची मुंबईची कार्डं इथूनच येत होती का रे?" आली असतील, माय.

आता सामानाचं, कारण आमची खरी फजिती तिथंच झाली. बाळंतिणीच्या लाडवांसाठी मायनं डिंक, खारीक, दोन किलो खोबऱ्याच्या वाट्या आणि पावशेर खसखस बांधून घेतली होती. दारापाशीच खोबरं काढायला लावलं. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर, ते तापून आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून ते विमानाच्या सामानात चालत नाही. खसखशीचं तर आमच्या मागं रांगेत उभ्या असलेल्या, शारजात कामाला असलेल्या अकोल्याकडच्या एका पोरानं सांगितलं. तिकडं ती अफूचं बी म्हणून बंद आहे, सापडली तर तुरुंगसुद्धा होऊ शकतो. "काहून रे, खसखस का वाईट हाय?" माय विचारत राहिली, पण पुडी मी परत घेतली. त्या पोराचे उपकार विसरणार नाही. खर्रा, सुपारी, विड्याची पानंही घरीच ठेवा. लोणचं हातातल्या पिशवीत नको, नीट बंद करून मोठ्या बॅगेत टाका.

तिकिटाविना आपल्याला दारातून आत सोडत नाहीत. म्हणून म्हाताऱ्या माणसासाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागून ठेवा. चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा तपासणी, सगळीकडे एक माणूस सोबत राहतो. मायला चालता येतं, तरी मी मागितली, कारण तिला पाट्या वाचता येत नाहीत. तिकीट, व्हिसा कागदावर छापून पासपोर्टसोबत एकाच पिशवीत, गळ्यात. बहिणीचा नंबर मोठ्या अक्षरात त्यातच. तीन तास आधी पोहोचा. आम्ही चार तास आधी होतो, म्हणून बॅग उघडून पुन्हा बांधायला वेळ मिळाला.

काचेपलीकडं खुर्ची वळली तेव्हा मायनं पदर सावरून हात केला. दुसऱ्या दिवशी फोन आला : खोबरं तिकडं दुकानात मिळालं, लाडू खसखशीविना बांधले.