टोमॅटो-वांग्याची रोपं लागली!

आज ऊन उतरल्यावर टोमॅटोची आणि वांग्याची रोपं वाफ्यात लावली. टोमॅटोची खालची पानं खुडून रोप खोल लावलं, कारण मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात. एकाच्या खोडावर तर त्या मुळांचे बारीक पांढुरके फुगवटे आत्ताच दिसत होते, इतका आनंद झाला ना! वांगी मात्र नेहमीच्याच खोलीवर.

पाणी झारीने, बुडाशीच दिलं. पानं फार वेळ ओली राहिली की बुरशी धरते. पुढे रोपांनी जीव धरला की रोज थोडं थोडं शिंपडणार नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं, कोरडं लागलं तर पोटभर पाणी. मुळं खाली जातात त्याने. वर वाळक्या पानांचं आच्छादन आहेच.

भेंडीचं बी भिजत घातलंय, सकाळी टोकायचं.