गच्चीवरच्या सोलरची काळजी कुठे घ्यावी

‘गच्चीवर सोलर बसवलं तर खालच्या खोलीत झोपणाऱ्याला रेडिएशनचा त्रास होतो का?’ सोलर बसवण्याआधी घराच्या पाहणीला गेलं की हा प्रश्न ठरलेला. बहुतेक वेळा विचारतात त्या घरातल्या आजी, आणि सून गरोदर असेल तर फारच काळजीने विचारतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान मिळू लागलं, तेव्हापासून तर घरोघरी हेच ऐकतोय.

होत नाही, आजी. निर्धास्त राहा. पॅनल म्हणजे वर काच, मध्ये सिलिकॉनच्या पातळ चकत्या, खाली प्लास्टिकचा थर आणि कडेने अ‍ॅल्युमिनियमची चौकट. मोबाइल टॉवरसारखं त्यातून काही प्रक्षेपित होत नाही. इन्व्हर्टरभोवती, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरता येईल अशी करणाऱ्या डब्याभोवती, थोडं चुंबकीय क्षेत्र असतं. तसं ते मिक्सरभोवतीही असतं आणि दोन पावलं मागे सरलं की नगण्य होतं. तरी इन्व्हर्टर पलंगाच्या उशाशी लावू नका, कारण तो दिवसभर तापतो आणि गुणगुणतो.

मला भीती वाटते ती वायरिंगची, आणि त्याबद्दल मात्र फारसं कुणी विचारत नाही.

तीन किलोवॅटला हल्ली साधारण सहा पॅनल्स लागतात. ती एकापुढे एक जोडली की उन्हात अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेने वाहणारी वीज, तयार होते. लाइट गेली की साधा ऑन-ग्रिड, म्हणजे खांबावरच्या लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर आपोआप थांबतो. खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवासाठीच ती सोय आहे. पण त्यामुळे वरचंही सगळं बंद झालं असं लोक धरून चालतात. ऊन आहे तोवर पॅनलकडून येणाऱ्या वायरीत व्होल्टेज असतंच. शिवाय डीसीची ठिणगी एकदा धरली की सहजी तुटत नाही. घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, तेव्हा ठिणगीला विझायला वाव मिळतो. डीसीत तो मिळत नाही.

ही ठिणगी बहुधा जोडात पडते. पॅनलच्या वायरींच्या टोकाला काळे नर-मादी कनेक्टर असतात, एमसी-फोर म्हणतात त्यांना. एका कंपनीचा नर दुसऱ्या कंपनीच्या मादीत बसतो, टिक आवाजही येतो, पण आत धातूला धातू नीट भिडेलच असं नाही. मग जोड तापत राहतो. एका शेतकऱ्याकडे दुसऱ्या कुणीतरी केलेलं काम तपासताना असा एक जोड सोडवला. प्लास्टिक फुगलेलं, आतली पिन काळीठिक्कर, वायरीचं आवरण बोटभर वितळलेलं. पॅनल्स गोठ्याच्या पत्र्यावर होती आणि पत्र्याखाली कडबा रचलेला. जनावरं दावणीला बांधलेली. दोन सुट्ट्या कनेक्टरच्या पैशांसाठी कुणी एवढी जोखीम दुसऱ्याच्या गोठ्यावर ठेवून जातं, याचा मला अजून संताप येतो.

म्हणून कोटेशन हातात आलं की वॉटचा भाव नंतर बघा. आधी विचारा: कनेक्टर एकाच कंपनीचे का, डीसी आयसोलेटर (पॅनलकडून येणारी वीज तोडायचा स्विच) कुठे बसणार, अर्थिंगचे खड्डे किती, लाइटनिंग अरेस्टरचं (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचं) अर्थिंग वेगळं आहे ना. सांगाडा किती वाऱ्याला धरून केलाय तेही विचारा. भारतीय मानकात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. वळवाच्या वावटळीत उंच सांगाड्याचं सुटलेलं पॅनल शेजाऱ्याच्या अंगणातही पडू शकतं. आणि धुवायला पोरगं वर चढणार असेल तर सकाळी लवकर, पट्टा बांधून. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नये.

पर्यावरणाचं विचाराल तर पॅनल गच्चीवर असेपर्यंत चिंता नाही. ते उतरवल्यावर आहे. भंगारवाला अ‍ॅल्युमिनियम आणि तांबं काढून घेतो, उरलेली काच उकिरड्यावर जाते. आतल्या डाखात बहुधा शिसं असतं, ते मातीत उतरायला नको. २०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल्सही घेतली आहेत, तेव्हा उतरवलेलं पॅनल बसवणाऱ्याला किंवा कंपनीला परत न्यायला लावा, नाहीतर नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्या. तोवर ते पोरांच्या हाताला लागणार नाही असं, काच खाली करून, जाड ताडपत्रीखाली झाकून ठेवा. तडकलेल्या पॅनलमध्येही उन्हात वीज येते.